बी शिफ्टची विद्यार्थिनी

"विकाले शिकाचं, अन् त्याचे पैसे बी आपणच द्याचे?" देवाजीनं हातातली बिडी न पेटवता कानावर ठेवली. "तुह्या आजीनं जिंदगीभर तुमसरच्या बाजारात मिरच्या विकल्या. तिले कोनं सर्टिफिकेट देल्लं होतं बे?"

टिकारामनं माहितीपत्रकाचं पान उलटलं. बापाच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसलं की तो असंच काहीतरी उलटत असे, कधी पान, कधी चपाती.

भिलाईत भट्टी पेटून तीन वर्षं झाली होती आणि कारखाना अजून बांधलाच जात होता. एकीकडून रूळ निघत होते आणि दुसरीकडे नव्या पायासाठी जमीन खणली जात होती. कामगारांच्या कॅम्पमधला जो तो काहीतरी शिकत होता. कुणी वेल्डिंग शिके, कुणी फिटरचं काम, कुणी रशियन साहेबांशी बोलता यावं म्हणून चार रशियन शब्द. टिकाराम मेश्राम रेल मिलमध्ये क्रेन चालवी. वर बसून रुळांचे ढीग उचलता उचलता त्याच्या डोक्यात एक विचार आला होता. एवढा माल निघून राहिला, तर उद्या तो विकायला माणसं लागतील. सेल्सच्या ऑफिसात पदविका असलेल्याला घेतात, असं त्यानं ऐकलं होतं. तो मॅट्रिक पास होता. तेव्हापासून त्याला झोप कमी आणि स्वप्नं जास्त पडू लागली होती.

"तीन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक नागपूरचं कॉलेज. दोन वर्षं. फी, होस्टेल, मेसचं जेवण. अन् इकडची नोकरी सोडा लागते."

"दुसरा सांग," देवाजी म्हणाला.

"दुसरा मुंबईहून पोस्टानं. धडे घरी येतात, आपण उत्तरं लिहून धाडाची. ऐंशी रुपये, ते बी एकदम. तिसरा अथीच. पॉवर हाउसच्या बाजारामागच्या शाळेत, संध्याकाळी सहा ते आठ. व्यापार आणि विक्रीकला पदविका. दहा रुपये प्रवेश अन् महिन्याचे सात."

पंचफुला चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. टिकारामची बायको. तुमसरच्या शाळेत ती मॅट्रिकपर्यंत गेली होती आणि इंग्रजीच्या पेपरात अडकली होती. पुन्हा बसायचं म्हणत होती तेवढ्यात लग्न ठरलं. ते दुःख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण नवरा चांगला होता, सासरा तोंडानं तिखट पण मनाचा निर्मळ होता, आणि क्वार्टरला नळ होता. एवढं असताना आणखी काही मागणं तिला बरं वाटत नसे.

"अन् शेवटच्या पानावर काय आहे?" तिनं विचारलं.

"ते आपल्या कामाचं नाही. लहान कोर्स. एक वर्षाचा, मॅट्रिक नसला तरी चालते. महिन्याचे तीन रुपये. पण लिहिलं आहे, दहा विद्यार्थी मिळाले तरच चालू होईन."

"मिळाले काय?"

"शाळेतला भैय्याजी म्हणे, दोन वर्षांत दोन बी मिळाले नाही."

पंचफुलानं चुलीत फुंकर घातली. धूर बराच झाला आणि तिचे डोळे चोळणं कुणाला वेगळं वाटलं नाही.

शेवटी तिसरा रस्ता ठरला. देवाजीनं दहा रुपये स्वतःच्या ट्रंकेतून काढून दिले आणि वर म्हणाला, "मिरच्या बी विकता आल्या नाही तं पाहा लागन."

जुलैत वर्ग सुरू झाला. शिकवायला कृष्णराव होते. नागपूरच्या एका कापडाच्या पेढीत त्यांची उमर गेली होती आणि निवृत्त झाल्यावर मुलीकडे भिलाईला आले होते. शिकवत हिंदीतून, पण अंगात आलं की मराठीत शिरत, आणि मग मल्याळी आणि पंजाबी पोरं एकमेकांकडे पाहून हसत. त्यांच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी होती. चष्मा असूनही तिसऱ्या बाकापलीकडचे चेहरे त्यांना धुक्यातल्यासारखे दिसत.

पहिला आठवडा टिकारामची ए शिफ्ट होती, सकाळी सहा ते दोन. तो रोज अंघोळ करून, केसांना तेल लावून वर्गाला गेला. दुसरा आठवडा सी शिफ्ट, रात्री दहाची. तेही जमलं. तिसऱ्या आठवड्यात बी शिफ्ट लागली, दुपारी दोन ते रात्री दहा, आणि सहा दिवस त्याचा बाक रिकामा राहिला. सोमवारी हजेरी घेणाऱ्या भैय्याजीनं त्याला दारातच अडवलं.

"ऐसन नइ चलय भइया. चारातले तीन दिवस हजेरी पाहिजे. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही."

दर तिसऱ्या आठवड्याला बी शिफ्ट येणारच होती. टिकारामनं मनातल्या मनात हिशेब केला, आणि बाकीचे दिवस अंगात ताप असतानाही गेलं तरी हजेरी पुरणार नाही, असं त्याच्या ध्यानात आलं. घरी येऊन तो ओट्यावर बसून राहिला. शेजारचा कवडू रामटेके आला. तोही क्रेनवरच होता आणि टिकारामच्या नादानं त्यानंही वर्गात नाव घातलं होतं.

"तोंड कावून पाडून बसला बे?"

टिकारामनं सांगितलं. कवडू हसायला लागला.

"अबे येडा आहेस काय! बी शिफ्ट आहे तं रिलीव्हर पाठव."

आता हे बोलणं कारखान्याबाहेरच्या माणसाला गमतीचं वाटेल. पण कारखान्यात यापेक्षा मोठा नियम नव्हता. क्रेनवरचा माणूस पुढच्या शिफ्टचा माणूस शिडी चढून वर आल्याशिवाय खाली उतरत नसे. वर येणारा तो रिलीव्हर. तो कोण आहे, गोरा की काळा, हे कुणी विचारत नसे. जागा रिकामी राहिली नाही म्हणजे झालं. उतरताना मात्र जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं सांगायचं, ब्रेक कसा लागतो, कुठली दोरी घासली आहे, कोणता ढीग अर्धा राहिला. त्याला हँडओव्हर म्हणत. हे दोन नियम त्या माणसांच्या हाडात इतके मुरले होते, की जगात दुसरीकडे ते चालत नसतील असं त्यांच्या मनातही येत नसे.

टिकारामचा चेहरा उजळला. "बा, तू जाशीन?"

"मी? त्या पोराटोरांत?" देवाजी कडाडला. "मी मिरच्या विकाले शिकू आता?"

पंचफुला पीठ मळत होती. हात चालू ठेवून, जणू पीठ कमी पडलं असं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "मी जाऊ?"

टिकारामनं बापाकडे पाहिलं, बापानं बिडीकडे.

"जाऊ दे," देवाजी म्हणाला. "नाहीतरी सहा वाजता ती कवडूच्या मायसंग गप्पाच मारते."

पुढच्या बी शिफ्टच्या सोमवारी पंचफुला शाळेच्या त्या खोलीत शिरली ती थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. भैय्याजी हजेरी घेत होता. या वर्गाच्या आधी तो एका ठेकेदाराकडे मातीकामाच्या मजुरांची हजेरी मांडत असे, आणि तीच पद्धत त्यानं इथं आणली होती. तो नावं घेत नसे, नंबर घेई.

"सतरा?"

"हजर," पंचफुला म्हणाली.

भैय्याजीनं मान वर केली. "सतरा तो टिकाराम आहे ना?"

"त्यायची बी शिफ्ट आहे जी. मी रिलीव्हर."

भैय्याजीनं क्षणभर विचार केला. मातीकामावर भाऊ आजारी असला की बहीण घमेलं उचलायला यायची आणि हजेरी लागायची. यात नवीन काय होतं? "टाइम पे आयी ना? बस," म्हणून त्यानं रेघ ओढली.

कृष्णरावांना शेवटच्या बाकावर काहीतरी हिरवं दिसलं. ते पंचफुलाचं लुगडं होतं. त्यांना वाटलं, कुणीतरी शाल घेऊन बसलंय.

त्या दिवशी त्यांनी शिकवलं ते पंचफुला कधी विसरली नाही. दुकानात आलेला माणूस काय मागतो आणि त्याला काय हवं असतं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आधी मालाबद्दल बोलू नये. आधी माणसाला बोलू द्यावं. तिला आपला तुमसरचा बाजार आठवला, मग आपली आई, मग शाळेतला तो बाक, ज्यावर तिनं पिनेनं नाव कोरलं होतं. दोन तास कुठं गेले कळलं नाही. घरी परतताना तिला उगीच पळावंसं वाटत होतं, आणि पॉवर हाउसच्या बाजारातून ती खरोखरच थोडी पळाली. फाफड्यावाल्यानं विचारलं, "क्या हुआ बहनजी?" ती म्हणाली, "कुछ नहीं," आणि हसत सुटली.

सकाळी चहाच्या वेळी हँडओव्हर झाला. टिकाराम अंगणात बाजेवर, पंचफुला समोर. तिनं एकेक मुद्दा सांगितला. तो क्रेनचं ऐकावं तसं ऐकत होता, मधे मधे "हं, मंग?" करत. देवाजी तिकडे तोंड करून सुंभ वळत होता. त्याला यात काही रस नव्हता, हे दिसावं म्हणून त्यानं पाठ केली होती. पण त्याच आठवड्यात एकदा पंचफुला काही विसरली तेव्हा पाठीकडूनच आवाज आला.

"परवा तं वेगळं सांगत होती. गिऱ्हाइकाचं नाव आधी विचाराचं म्हणे."

"तुमी ऐकून राहिले काय मामाजी?"

"कान बंद कराले झाकण आहे काय त्याले?"

असे दिवस गेले. दर तीन आठवड्यांनी बी शिफ्ट येई, आणि पंचफुला आदल्या रविवारीच लुगडं धुऊन वाळत घाली. टिकारामला बी शिफ्ट कधीच आवडत नसे. ती त्या घरात कुणालातरी आवडू लागली आहे, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं.

दिवाळीनंतर वर्गात प्रात्यक्षिक झालं. एकानं दुकानदार व्हायचं, दुसऱ्यानं गिऱ्हाईक. नेमकी टिकारामची बी शिफ्ट होती. टेबलावर कृष्णरावांची छत्री ठेवलेली होती. ती विकायची होती, आणि गिऱ्हाईक होता कवडू.

"छत्री दाखवा बाई," कवडू मिशीवर हात फिरवत ऐटीत म्हणाला.

पंचफुलानं छत्री उघडली. "चांगली आहे जी. पण पाऊस तं गेला. आता कावून घेता? घरी ठेवान तं उंदरं खातीन. मिरगाच्या आधी या, तेव्हा नवा माल येते."

वर्ग हसून हसून लोळला. कृष्णरावही हसले. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, प्रामाणिक आहात. पण हे दुकान तुमचं असतं तर आज रात्री काय खाल्लं असतं? सतरा नंबरला दहापैकी चार."

पंचफुलाला ते पटलं. खरोखरच पटलं. उन्ह लागतं तेव्हाही छत्री लागते, हे तिला का सुचलं नाही, याचा ती रस्ताभर विचार करत आली. सकाळी टिकारामला सांगितलं तर तो बाजेवरून उठलाच.

"चार? माह्या नावावर चार?"

"तुमच्या नावावर म्हून काय झालं? मेहनत माही होती."

"तुही मेहनत अन् माहे मार्क! पुढच्या बारीले छत्री विकून ये बाप्पा!"

देवाजी सुंभ टाकून हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला.

एव्हाना ही पद्धत टिकारामच्या घरापुरती राहिली नव्हती. कवडूनं आपली आई मैनाबाई रिलीव्हर म्हणून पाठवायला सुरुवात केली होती. मैनाबाई पदराखाली सुपारी कातरत बसे आणि कृष्णरावांचा प्रत्येक प्रश्न तिला आपल्यालाच विचारल्यासारखा वाटे. वेल्डिंगमधल्या थॉमसचा धाकटा भाऊ येई, दल्ली खाणीहून बदलून आलेल्या एकाचा सासरा येई, सरदारजीची बहीण येई. भैय्याजी सगळ्यांच्या रेघा ओढी. कृष्णराव बिचारे घरी जाऊन मुलीला म्हणत, "माझी नजर फारच गेली गं. रोज बसणारी मुलंसुद्धा मला दर आठवड्याला वेगळीच दिसतात. परवा एका मुलाला मी उभं केलं, तर मला त्याच्या तोंडात दात दिसेनात."

तो दल्लीवाल्याचा सासरा होता.

डिसेंबरात सहामाही परीक्षा आली. ती रविवारी सकाळी ठेवली होती, म्हणजे बऱ्याच जणांना सुट्टी असेल. इथंच घोटाळा झाला. परीक्षेला कोणी बसायचं, याचा कुणी विचारच केला नव्हता. टिकारामनं आदल्या दिवशी विचार केला आणि त्याला एकच न्यायाचा मार्ग दिसला. त्याच्या आठवड्यांतलं तो लिहील, पंचफुलाच्या आठवड्यांतलं ती लिहील. दोघं गेली. आणि वर्गात पाहतात तो काय, प्रत्येक बाकावर दोन दोन माणसं! थॉमस आणि त्याचा भाऊ, सरदारजी आणि बहीण, कवडू आणि मैनाबाई. न्यायाचा तोच मार्ग सगळ्यांना दिसला होता.

"सरक ना माय," कवडू म्हणत होता. "पहिला प्रश्न माह्या हप्त्यातला आहे."

"तुह्या हप्त्यातला कसा? मास्तर त्या दिवशी खोकलत होते, मले चांगलं आठवते."

कृष्णराव आत आले. दारात थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. वर्ग तेवढाच होता, माणसं दुप्पट होती.

"भैय्याजी," ते हळूच म्हणाले, "मला दोन दोन दिसतात का?"

"नहीं गुरुजी. दोनच आहेत. एक असली, एक रिलीव्हर."

मग सगळं बाहेर आलं. भैय्याजीनं पद्धत समजावून सांगितली, अगदी अभिमानानं, की पाच महिन्यांत एक बाक रिकामा राहू दिला नाही. कृष्णराव खुर्चीत बसले. कुणाला वाटलं रागावले, कुणाला वाटलं रडतात. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी मान वर केली तेव्हा दिसलं, की ते हसत होते, आवाज न करता, पोटात दुखेपर्यंत.

"म्हणजे माझी नजर चांगली आहे!" ते म्हणाले. "चार महिने मी औषध घालतोय डोळ्यांत!"

पण हसणं आवरल्यावर ते गंभीर झाले. हजेरी ज्याचं नाव आहे त्याचीच धरावी लागते, पदविका दोघांना अर्धी अर्धी देता येत नाही, हे त्यांनी समजावलं. चूक कुणाची नाही, त्यांनीच शिफ्टचा विचार करायला हवा होता, असंही म्हणाले. आणि तिथल्या तिथं तोडगा काढला. जानेवारीपासून तोच धडा दोनदा शिकवायचा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. बी शिफ्टवाल्यांनी सकाळी यावं, ए शिफ्टवाल्यांनी संध्याकाळी, सी शिफ्टवाल्यांनी झोप पाहून. झालेल्या हजेरीसाठी कुणाचं नाव कापायचं नाही, आणि आजची परीक्षा पुढं ढकलायची. "मात्र आजपासून," ते म्हणाले, "रिलीव्हर बंद."

टाळ्या पडल्या. टिकारामनं इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारचा थॉमस दचकला. त्याचा प्रश्न कायमचा सुटला होता.

पंचफुलानंही टाळी वाजवली. एकदा, दोनदा. मग तिचे हात मांडीवरच राहिले. रिलीव्हर बंद, म्हणजे ती बंद. आता रविवारी लुगडं धुवायचं कारण नव्हतं. सकाळच्या चहाला सांगायला काही उरणार नव्हतं. पुन्हा तुमसरच्याच बाकावरून कुणीतरी तिला उठवत होतं, आणि या वेळी तर इंग्रजीचा पेपरही आडवा आला नव्हता.

माणसं उठू लागली होती. तिला स्वतःला कळलं नाही आपण कधी उभ्या राहिलो ते.

"गुरुजी, मंग आमचं काय?"

"कोणाचं?"

"रिलीव्हरांचं. तुमच्या त्या कागदाच्या शेवटच्या पानावर लहान कोर्स आहे. मॅट्रिक नसला तरी चालते लिहिलं आहे. दहा माणसं मिळाली तं चालू कराचं म्हून बी लिहिलं आहे."

टिकाराम तिच्याकडे पाहतच राहिला. सहा महिन्यांपूर्वी धुरात डोळे चोळत बसलेली बायको त्याला एकाएकी आठवली.

कृष्णरावांनी चष्मा सारखा केला. "लिहिलं आहे खरं. कोणाकोणाला यायचंय? हात वर करा."

पंचफुलाचा हात वर होताच. सरदारजीच्या बहिणीनं केला, थॉमसच्या भावानं केला, दल्लीवाल्याच्या सासऱ्यानं केला. मैनाबाईनं अडकित्त्यासकट हात वर केला. कवडू म्हणाला, "माय, तुले लिहिता येते काय?" ती म्हणाली, "नाव येते. बाकीचं शिकवतीन ना, तीन रुपये कायचे घेतात मंग?" भैय्याजीनं मोजले. पुन्हा मोजले.

"नौ."

"नऊ," कृष्णराव म्हणाले, आणि त्यांचा चेहराही पडला. "संस्थेचा नियम दहाचा आहे हो. मी एकटा ठरवणारा नाही. असं करा, उद्या संध्याकाळी मी नावं पाठवणार आहे. तोपर्यंत दहावा आणा."

वाटेनं टिकाराम दोनदा म्हणाला, "मी पाहतो कोणाले तरी." पंचफुलाला दहावा माणूस ठाऊक होता. पण तो माणूस विकायला शिकणं म्हणजे काय समजतो, हेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली थंडी होती. देवाजी अंगणात शेकोटीशी बसला होता. टिकाराम ए शिफ्टला गेला होता. पंचफुलानं चहाचा कप सासऱ्याच्या हातात दिला आणि समोर बसली. माल आधी दाखवायचा नाही, तिनं स्वतःला बजावलं.

"आज सांगाले काही नाही मामाजी."

"हं."

"आता सांगणारच नाही कधी. ते सकाळी स्वतःच जातीन बी शिफ्टले."

देवाजीनं चहाचा घोट घेतला. शेकोटीत काटकी सारली. "मंग तो हिशेबाचा धडा अर्धाच राहिला," तो म्हणाला. "नफा अन् धंदा यायच्यातला फरक उद्या सांगतो म्हणे मास्तर."

"राहिला तं."

"तुही आजी-सासू होती ना," देवाजी विस्तवाकडे पाहत बोलू लागला, "तिच्याकडं दोन टोपल्या राहत. एक समोर, एक मागं. चांगल्या मिरच्या मागच्या टोपलीत. रोजचं गिऱ्हाईक आलं की मागची टोपली काढे. मी लहान होतो, मले वाटे समोरच कावून ठेवत नाही ही? आता ध्यानात येऊन राहिलं. तू त्या दिवशी सांगतलं ना, रोजच्या गिऱ्हाइकाले मान पायजे म्हून. तिले कोनं सांगतलं होतं? पण सांगतलं असतं तं ती दुकान टाकती. टोपलीवरच मेली बिचारी."

तो बराच वेळ बोलला. पंचफुला मधे एक शब्दही बोलली नाही. मग तिनं सांगितलं, साध्या शब्दांत. महिन्याचे तीन रुपये. आठवड्यातून तीन दिवस, मोठ्या वर्गाच्या आधी. एक वर्ष. त्यानं नोकरी लागणार नाही, पगार वाढणार नाही, आणि पोरं हसतील. नऊ माणसं आहेत, दहावं नाही.

"अन् दहावं नाही मिळालं तं?"

"तं मी घरी."

एवढं बोलून ती थांबली. गिऱ्हाईक हो म्हणायच्या बेतात असतं तेव्हा आपण बोलत राहू नये, असं कृष्णराव शिकवत. तेव्हा तिला हे फार सोपं वाटलं होतं. आता जीभ आवरता आवरत नव्हती. तिनं बोटं मुठीत आवळली आणि शेकोटीकडे पाहत राहिली. कॅम्पच्या रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. दूर कारखान्यात वितळलेलं लोखंड ओतलं असावं, कारण सकाळच्या उजेडातही आकाशाची कड तांबूस झाली.

देवाजीनं कानावरची बिडी काढली, पाहिली, पुन्हा ठेवली.

"मी चौथी शिकलो आहे," तो म्हणाला. "पण चाळीस वर्षं झाली त्याले."

ती गप्प.

"अन् त्या बाकावर माहे पाय मावत नाहीत."

ती गप्प.

"ट्रंकेत पाहा बरं, माहा धुतलेला सदरा आहे काय," देवाजी म्हणाला. "कोनाले सांगू नको आत्ताच. कवडू गावभर करीन."

पंचफुला उठली ती धावतच आत गेली. ट्रंक उघडून सदरा काढला आणि तोंडात पदर कोंबून हसली. मग तोच पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी चुलीत धूर नव्हता.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी लहान कोर्स सुरू झाला. दारात टिकाराम आणि कवडू उभे होते, आपापली माणसं सोडायला आलेले, शाळेत पहिल्या दिवशी लेकरं सोडायला येतात तसे. देवाजीनं सदरा काढायला सांगितला त्याच दिवशी दुपारी कवडूला कळलं होतं आणि त्यानं खरंच गावभर केलं होतं.

"काका, पाटी आणली काय?" तो ओरडला.

"तुह्या मायनं आणली आहे, तिले विचार," देवाजीनं आतून उत्तर दिलं. वर्ग हसला. मैनाबाईनं खरोखरच पाटी आणली होती.

भैय्याजीनं हजेरी काढली. लहान कोर्सला नवे नंबर होते.

"एक?"

"हजर."

पंचफुला पहिल्या बाकावर बसली होती, कृष्णरावांना स्वच्छ दिसेल अशी. भैय्याजीनं मान वर केली आणि सवयीनं विचारलं, "किसके बदले?"

"कोनाच्याच नाही जी," पंचफुला म्हणाली. "मी माही आली."

भैय्याजीनं रेघ ओढली. कृष्णरावांनी खडू उचलला. मागच्या बाकावर देवाजी पाय बाहेर काढून बसला होता आणि शेजारच्या दल्लीवाल्याच्या सासऱ्याला हळूच विचारत होता, अथी बिडी ओढू देतात काय म्हणून.